टाकी कोणत्या अंगाला?

बीड जिल्ह्यात गाड्यांबद्दल मत नसलेला माणूस सापडायचा नाही. ज्याच्या नावावर सायकलसुद्धा नाही असा गडी टपरीवर बसल्या बसल्या समोरून गेलेल्या गाडीचं मॉडेल, तिचं अ‍ॅव्हरेज आणि जुन्या बाजारात तिला काय भाव येईल हे चहा निवायच्या आत सांगून मोकळा होतो. पाटीवर एमएच २३ दिसलं की गाडी बीडची आणि एमएच ४४ दिसलं की अंबाजोगाईकडची, एवढं तर शाळकरी पोरंही ओळखतात. हे ज्ञान हौसेनं आलेलं नाही, गरजेनं आलंय. परळीला रेल्वे कधीपासूनची आहे. पण बीड शहरातून अहिल्यानगरला जाणारी गाडी सुटायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला. तोवर लग्न, दवाखाना, कॉलेज, कोर्ट आणि कारखाना, सगळं डांबरावरच.

अशा ह्या जाणकार मंडळींना एकच साधा प्रश्न विचारून बघावा. "तुमच्या गाडीच्या टाकीचं झाकण कुठल्या बाजूला आहे हो?"

माणूस थबकतो. इंजिन किती सीसीचं आहे हे तोंडपाठ असलेला माणूस दोन्ही हात पुढं करून हवेतलं स्टिअरिंग धरतो, मान आधी डावीकडून मागं नेतो, मग उजवीकडून नेतो, डोळे बारीक करतो आणि म्हणतो, "डावीकडंच आसंल की." गाडी पाच वर्षांपासून दारात उभी आहे, हप्ते फिटलेत, दसऱ्याला तिला हार घातलाय, लिंबू-मिरची बांधलीये, आणि तिचं तोंड कुठून उघडतं हे मात्र 'आसंल' वर आहे.

ह्या 'आसंल' ची परीक्षा पंपावर होते. धुळे-सोलापूर महामार्गावरचा कुठलाही पंप घ्या. गेवराईच्या अलीकडचा घ्या नाहीतर मांजरसुंब्याच्या पलीकडचा. एखादी गाडी हमरस्ता सोडून आत वळते ती मोठ्या ऐटीत. पंपाजवळ आली की तिचा वेग कमी होतो आणि मनही डळमळतं. डावीकडं जाते जाते म्हणता उजवीकडं येते. आतला माणूस काच खाली करून अर्धा बाहेर वाकतो आणि मागं बघतो. पण झाकण असतं मागच्या चाकाच्या वर, पत्र्याच्या रंगाचं, पत्र्यात बसवलेलं. ते खिडकीतून दिसू नये अशीच त्याची घडण. आरशात बघावं तर तिथं मागच्या पिकअपचे दिवे डोळे वटारून उभे.

पुढं स्वभावाप्रमाणे वाटा फुटतात. काही जण शांतपणे उतरतात, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालतात, झाकण सापडलं की परत बसून गाडी योग्य जागी लावतात. हे विचारी लोक. पण त्यांची प्रदक्षिणा पुरी होईस्तोवर पाठीमागं हॉर्नांचा गजर सुरू झालेला असतो. काही जण चुकीच्या बाजूला गाडी लावूनही हार मानत नाहीत. "पाइप येतो की, वढ जरा," असं पंपावरच्या पोरालाच बजावतात. पोरगं गुमान पाइप ओढतं, डिकीवर फडकं टाकतं म्हणजे रंगाला चरा पडायला नको, आणि पाइप पलीकडं नेतं. आणि तिसरी जात असते थेट मुळावर घाव घालणारांची. बाजू चुकली ना, मग गाडीच फिरवू. असं म्हणून ते पंपावर बाहेर जायच्या तोंडानं आत शिरतात. मग एकाच मशिनपुढं दोन गाड्या बोनेटला बोनेट भिडवून उभ्या राहतात. दोघांनाही वाटतं, दुसराच उलटा आलाय.

हा सगळा खेळ ट्रॅक्टरवाला वरून बघत असतो. त्याची डिझेलची टाकी बोनेटलाच, डोळ्यांसमोर. मागं दोन ट्रॉल्या, ट्रॉलीत संसार, बायकापोरं, कोंबड्यांची खुराडी आणि पुढं कारखान्याची वाट. पण झाकण कुठं आहे हा प्रश्न त्याला जन्मात पडलेला नसतो. मोटारसायकलवाल्याची टाकी तर दोन गुडघ्यांच्या मध्येच. कारवाला गोंधळला की हे दोघं एकमेकांकडं बघून जे हसतात, त्यात कितीतरी जुने हिशेब चुकते होतात.

स्कूटरवाल्याला डावं-उजवं नव्हतं, पण त्याला उठावं लागायचं. चेतक असो की पुढं आलेली अ‍ॅक्टिव्हा, झाकण सीटच्या खाली. पेट्रोल भरायचं म्हणजे आधी मागच्या माणसाला उतरवायचं, मग आपण उतरायचं, मग पायाशी अडकवलेली भाजीची पिशवी सांभाळत सीट उचलायची. अ‍ॅक्टिव्हाचं झाकण बाहेर आलं ते २०२० च्या मॉडेलला. पण उठण्याचा मूळ मान जीपचा. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन विलीज जीपची टाकी चालकाच्या बुडाखाली होती. सीटची गादी उचलल्याशिवाय तेल घालता येत नसे. कितीही मोठा साहेब गाडी चालवत असो, पेट्रोल भरताना त्याला उभं राहावंच लागे. पुढं महिंद्रांनी भारतात बांधायला घेतलेल्या जीपा ह्याच विलीजच्या वंशातल्या. झाकण बाहेर आल्यावर चालकाची उठबस टळली, आणि काळ्यापिवळ्या जीपांच्या काळात तर ते फारच बरं झालं. बीड-केज रस्त्यावर चालकाच्या दोन्ही बाजूंना माणसं बसलेली असताना त्याला सीटवरून उठवणं म्हणजे सगळी जीप रिकामी करून पुन्हा भरण्यासारखं होतं.

झाकण कुठं ठेवावं ह्यात जगभरच्या कारखानदारांनीही काही कमी गंमत केलेली नाही. जर्मनांच्या बीटलचं इंजिन मागं, सामान पुढं, आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत पेट्रोलच्या टाकीचं तोंडही पुढच्या झाकणाखाली. म्हणजे पंपावर गेलं की आधी सामानाची जागा उघडायची. अमेरिकेत कॅडिलॅकनं बरीच वर्षं डावा मागचा दिवाच झाकण केला होता. दिवा उचलायचा, आत भोक. पंपावर नव्यानं लागलेला पोरगा अशा गाडीभोवती किती वेळ फिरत असेल, कुणास ठाऊक. पुढं कित्येक अमेरिकन गाड्यांचं झाकण मागच्या नंबरप्लेटच्या आड गेलं. ही सोय सर्वांत न्यायाची होती, दोन्ही बाजूंना सारखी. पण मागून धडक बसली तर पेट्रोल सांडून आग लागायची भीती, म्हणून झाकण पुन्हा कडेला आलं. इंग्रजांच्या जग्वार एक्सजेनं तर वादच मिटवला: टाक्या दोन, झाकणं दोन, एक डावीकडं आणि एक उजवीकडं. आमच्या तात्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पर मंग कोणती भरलीय आन् कोणती रिकामी, ह्याचा घोटाळा न्हाई का व्हायचा?" तात्यांच्या ह्या शंकेला जग्वारकडं काट्याचं उत्तर होतं, पण तात्यांना मुळात काट्यावरच विश्वास नाही.

मग एकच बाजू ठरवून का टाकत नाहीत? ह्याला एक उत्तर असं सांगतात की झाकण रस्त्याच्या कडेच्या अंगाला असावं. वाटेत पेट्रोल संपलं, कॅन आणून ओतायची वेळ आली, तर माणूस रहदारीत उभा राहायला नको. डावीकडून चालणाऱ्या जपानच्या गाड्यांना म्हणून झाकण बहुतेक डावीकडं, आणि उजवीकडून चालणाऱ्या जर्मनांच्या गाड्यांना उजवीकडं. आपल्याकडं स्विफ्ट, वॅगनआर, इनोव्हा ही सगळी जपानी घराण्यातली मंडळी डावी. पोलो, ऑक्टाव्हिया ही युरोपातली मंडळी उजवी. पण गाडीच्या पोटात जागा कुठं मिळते, सायलेन्सरचा तापलेला पाइप कुठून गेलाय, हेही बघावं लागतं. म्हणून ज्याची त्याची सोय वेगळी.

झाकण डावीकडं असण्याचा एक परिणाम मात्र कुठल्या जपानी इंजिनिअरच्या ध्यानात आला नसावा. आपल्याकडं चालक उजवीकडं. झाकण डावीकडं, म्हणजे मशिनही डावीकडं, म्हणजे मीटर बरोबर शेजारच्या सीटसमोर. पंपावरचा पोरगा म्हणतो, "काका, झिरो बघा." काका स्टिअरिंगवरून वाकतात, त्यांना शून्य दिसत नाही, खांब दिसतो. मग ते काकूंना म्हणतात, "झिरो बघ गं." अशा रीतीनं घरातल्या पेट्रोलच्या खर्चावर देखरेख करण्याचं काम काकूंकडं आलेलं आहे. आणि त्या नुसतं झिरो बघून थांबत नाहीत. "हजाराचं कशाला, सातशेचंच टाका, परत तर यायचंय," हा निर्णयही त्याच खिडकीतून बाहेर पडतो. उजवीकडं झाकण असलेल्या गाडीत काका हा कारभार परस्पर उरकतात. कोणती गाडी घ्यावी ह्याचा सल्ला देणारांनी हाही मुद्दा लक्षात घ्यायला हरकत नाही.

ह्या सगळ्या घोळावर इलाज निघाला तो एका भिजलेल्या माणसामुळं. अमेरिकेतल्या फोर्ड कंपनीत जेम्स मॉयलन नावाचे इंजिनिअर होते. १९८६ सालच्या एप्रिलमध्ये ते कंपनीची गाडी घेऊन निघाले, गाडीत पेट्रोल कमी, बाहेर पाऊस. पंपावर गेले तर बाजू चुकली. भिजत भिजत गाडी फिरवून लावली. दुसरा कुणी असता तर शिंकत घरी गेला असता. मॉयलननी ऑफिसात येऊन अंगावरचा ओला कोटही न काढता वरिष्ठांना टिपण लिहायला घेतलं: पेट्रोलच्या काट्याजवळ एक छोटी खूण करा, झाकण कोणत्या बाजूला आहे ते दाखवणारी. कंपनीनं ते ऐकलं. १९८९ च्या मॉडेलांपासून फोर्डच्या गाड्यांत तो बाण दिसू लागला, आणि पुढं जगभरच्या कंपन्यांनी उचलला. आज त्याला मॉयलनचा बाण म्हणतात. आमच्याकडं हा शोध लागणं अवघडच होतं. पंपावर गाडी फिरवताना माणूस चिंब व्हावा असा पाऊस आमच्या वाट्याला वेळेवर येतो कुठं?

बाण बघायचा असेल तर कुठंही जायला नको. चावी फिरवा आणि काट्याकडं बघा. पंपाचं इवलंसं चित्र असतं, त्याच्या एका अंगाला नखाएवढा त्रिकोण. त्रिकोणाचं टोक ज्या बाजूला, झाकण त्या बाजूला. चित्रातल्या पंपाची नळी कोणत्या अंगाला आहे ह्यावरून कुणी ठरवू नये. ती नळी कशीही काढलेली असते, तिला काही अर्थ नाही. अर्थ आहे तो फक्त त्रिकोणाला. जुन्या गाड्यांत तो नसेलही, पण अलीकडच्या बहुतेक गाड्यांत असतोच.

इतकी वर्षं तो नाकासमोर आहे आणि तरीही बहुतेकांनी तो पाहिलेला नाही. ज्यांनी पाहिलाय त्यांनी त्याचे आपापले अर्थ लावलेत. आमच्या नात्यातल्या एका दाजींची पक्की समजूत होती की पेट्रोल कमी झालं की हा बाण जवळचा पंप कोणत्या हाताला आहे ते दाखवतो. पाटोद्याहून येताना त्यांनी ते सगळ्या गाडीला समजावूनही सांगितलं. "बगा, बाण डावीकडं हाय. म्हंजी पंप डाव्या हाताला लागणार." पुढं पंप खरंच डाव्या हाताला लागला. दाजींचा चेहरा असा उजळला की मागच्या सीटवरच्या कुणालाच त्यांना खरं सांगायचा धीर झाला नाही. ते ज्ञान त्यांच्यापाशी अजून शाबूत आहे आणि त्यांच्याकडून ते पुढच्या पिढीकडं गेलंय.

मला नवल वाटतं ते निराळ्याच गोष्टीचं. ह्याच दाजींच्या घरी बैलजोडी आहे. कोणता बैल उजवीकडं जुंपायचा आणि कोणता डावीकडं, हे त्या घरातलं शेंबडं पोरही सांगतं. जुंपताना अदलाबदल झाली तर बैल मान टाकतो, पाऊल उचलत नाही. ऊसतोडीला निघालेल्या गाडीच्या बैलांबद्दल तर विचारायलाच नको. अंधारात, धुक्यात, कारखान्याच्या रांगेत, झोपेतसुद्धा बाजू चुकत नाही. मग त्याच माणसाला गाडीची बाजू का आठवत नाही? कारण बैलाला रोज हातानं जुंपावं लागतं, वैरण त्याच हातानं टाकावी लागते. गाडीला मात्र पंपावरचा पोरगा खाऊ घालतो. आपण फक्त पैसे देतो आणि झिरो बघतो, तोही काकू बघतात. बाजू लक्षात राहते ती ज्याचा हात लागतो त्याच्या.

शिवाय आमच्याकडं गाडी ही एकट्याच्या मालकीची वस्तू कधी नसतेच. लग्नसराई आली की एका गाडीवर सगळ्या भावकीचा हक्क. नवरदेवाला आणायला एकाची, पाव्हण्यांना सोडायला दुसऱ्याची, आणि आजीला दवाखान्यात न्यायला जी रिकामी असेल ती. चावी देताना मालक सगळ्या सूचना देतो: क्लच जरा वर लागतो, डावं दार उचलून लावा, एसी तीनवर नेऊ नका, वायफर उलटा फिरतो. टाकीचं झाकण कुठल्या बाजूला, हे सांगत नाही. आणि झाकणाचा खटका सीटखाली आहे की दारापाशी, हेही सांगत नाही. चालवणारा मग पंपावर गेल्यावर वायफर लावतो, डिकी उघडतो, बोनेटही उचलून बघतो आणि सरतेशेवटी मालकाला फोन करतो.

ह्या गोंधळाची बाजू घ्यावी असं मला वाटतं. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत टँकर-ट्रक चालकांच्या संपाची बातमी पसरली आणि राज्यभर पंपांवर रांगा लागल्या. मोटारसायकली, बाटल्या, कॅन, गाड्या, सगळं एकदम लोटलं. अशा वेळी पंपाच्या ओट्याकडं नीट बघावं. ओट्याच्या उजव्या अंगाला उभी राहणारी गाडी डाव्या झाकणाची आणि डाव्या अंगाला राहणारी उजव्या झाकणाची. सगळ्या गाड्यांची झाकणं कायद्यानं एकाच बाजूला आणली असती, तर प्रत्येक ओट्याचं एक अंग मोकळं पडलं असतं आणि दुसऱ्या अंगाची रांग दुप्पट झाली असती. कुणी ठरवलं नाही, कुणाचं कुणाशी जुळलं नाही, म्हणून दोन्ही अंगांना काम मिळालं. एकेकट्याला छळणारी ही भानगड सगळ्यांची मिळून सोयच करते. शिस्तीचे गोडवे गाणाऱ्या आपल्या भाषणांत ह्या प्रकाराला कुठं जागा नाही, पण पंपाचा धंदा त्यावर चालतो. आता स्विफ्ट-वॅगनआरच जास्त म्हणून डाव्या झाकणाची रांग लांबते आणि दुसऱ्या अंगाला जागा रिकामी दिसते, हे खरं. पाइप पलीकडपर्यंत पोचतो हे ज्याला ठाऊक असतं तो गुपचूप त्या जागेत शिरतो, पेट्रोल भरतो आणि निघूनही जातो. रांगेतले लोक त्याला नावं ठेवतात, पण त्याच्या मागं जात नाहीत.

विजेच्या गाड्या आल्यावर हे मिटेल असं वाटलं होतं. तिथंही तेच. कुणाचं भोक पेट्रोलच्या जागीच, तर कुणाचं नाकावर. एमजीच्या पहिल्या विजेच्या गाडीला तर कंपनीच्या बिल्ल्यामागंच दडवलं होतं. सीएनजीवाल्याला काही गाड्यांत बोनेट उघडावं लागतं आणि आतल्यांना खाली उतरवावं लागतं, ते निराळंच.

मग ह्या बाबतीत शहाणा कोण? पंपावरचा पोरगा. दहावी झाली की नाही ठाऊक नाही, लायसन्स नाही, गाडी तर नाहीच. पण गाडी हमरस्त्यावरून वळली की नुसतं तोंड बघून तो हात करतो: इकडं, तिकडं, जरा पुढं, बास. स्विफ्ट आली, डावी. पोलो आली, उजवी. त्याला बाण लागत नाही. दिवसभर प्रत्येक झाकण त्याच्याच हातानं उघडलं जातं. परवा एकानं लग्नासाठी आणलेल्या गाडीच्या मालकाला पंपावरून फोन लावला, "टाकी कुठल्या अंगाला हाय?" मालकानं जराही न अडखळता सांगितलं, "मला काय इचारतूस? पंपावरच्या पोराला इच्यार, त्योच भरतूय नव्हं नेहमी."